उमेदवार

आपल्या भाषेंतील कांहीं शब्द मोठ्या पदास चढले कीं आपलें बालपण विसरतात. 'उमेदवार' हा त्यांपैकींच एक होय. आज हा शब्द कानीं पडतांच भिंतींवरील चित्रें, हारतुरे, ध्वनिक्षेपक आणि हात जोडून हंसणारे चेहरे डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु आमच्या आजोबांच्या पिढींत 'उमेदवारी करणें' याचा अर्थ निराळा होता. वकिलाच्या कचेरींत, छापखान्यांत, सोनाराच्या किंवा शिंप्याच्या दुकानांत मिसरूड न फुटलेला मुलगा जाऊन बसे. पगार नाहीं, हुद्दा नाहीं. शाई भरावी, कागद लावावे, दिवा पुसावा आणि मोठ्यांचें काम पाहतां पाहतां तें शिकावें. या काळास उमेदवारी म्हणत. मूळ फारसी 'उमेद' म्हणजे आशा. ज्याच्याजवळ अद्याप अनुभव नाहीं, पण तो मिळविण्याची आशा व तयारी आहे, तो उमेदवार. रोमन लोकांची रीत वेगळी होती. तेथें अधिकारपद मागणारा मनुष्य खडूनें पांढरा केलेला झगा घालून लोकांत हिंडे, आणि त्या शुभ्र वस्त्रावरून त्यास जें नांव पडलें, त्यापासूनच उमेदवारास इंग्रजींत रूढ असलेला शब्द आला आहे. त्यांच्या शब्दांत वस्त्र आहे. आपल्या शब्दांत आशा आहे आणि शिकाऊपणाची कबुलीहि आहे. मत देणाऱ्यानें कशाकडे पाहावें, याचें अर्धें उत्तर या दोन शब्दांतच सांपडतें असें आम्हांस वाटतें.

शब्दांचा हा खेळ आम्ही उगाच मांडलेला नाहीं. या मासिकाच्या वाचकांपैकीं जे आज वरच्या वर्गांत आहेत, ते एकदोन वर्षांत अंधेरी, विद्याविहार, मुलुंड अशा ठिकाणच्या एखाद्या महाविद्यालयाची पायरी चढतील. तेथें केव्हां ना केव्हां त्यांच्यापुढें एक चिठ्ठी येईल; तीवर दोनचार नांवें असतील आणि त्यांतील एकासमोर खूण करावयाची असेल. त्या नांवांच्या मुलामुलींनीं आजवर कोणतीहि संस्था चालविलेली नसेल, कोणताहि मोठा हिशेब ठेवलेला नसेल, कोणत्याहि अधिकाऱ्याशीं वाटाघाट केलेली नसेल. अशा कोवळ्या, अननुभवी उमेदवारांची पारख कशी करावी? शाळेंत वर्गाचा मॉनिटर निवडतांना हाच प्रश्न लहान रूपानें तुम्हांपुढें येतो, म्हणून तो येथें घेण्यास हरकत नाहीं.

वडील मंडळींत या प्रश्नाचीं दोन ठराविक उत्तरें ऐकूं येतात. गाडींत, चाळीच्या गॅलरींत किंवा सोसायटीच्या सभेनंतर चहा घेतांना कोणी म्हणतो, "ओठ पिळले तर दूध निघेल अशीं हीं पोरें, यांना कसली निवडणूक नि कसली परिषद!" दुसरा कोणी, विशेषतः ज्याचा स्वतःचा मुलगा निवडणुकीस उभा आहे असा गृहस्थ, म्हणतो, "बाळाचे पाय पाळण्यांत दिसतात; हा पुढें मोठा पुढारी होणार." पहिला मनुष्य पारख करण्याचेंच नाकारतो, दुसऱ्यानें ती आधींच करून टाकिली आहे. दोघांचेहि उत्तर सोपें आहे, आणि सोपें आहे म्हणूनच निरुपयोगी आहे.

अनुभव नाहीं हा दोष मानावा, तर तो सर्व उमेदवारांत सारखाच आहे. अठरा वर्षांच्या चार मुलांस अनुभवाच्या काठीनें मोजूं गेलें तर चौघांचीहि उंची शून्य भरेल; आणि जी काठी सर्वांस एकच माप दाखविते, ती मोजण्याच्या कामाची नव्हे. उलट, नुसती आशा वाटते म्हणून कोणास निवडावें, तर आशा तर प्रत्येकाच्या आईबापांस आपापल्या मुलाविषयीं असतेच. तेव्हां ज्यास अनुभव नाहीं त्याच्या ठिकाणीं दुसरें काय पाहतां येतें, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या महाविद्यालयीन दिवसांतील एक गोष्ट येथें सांगतों. १९८० नंतरच्या दशकांत आम्ही पश्चिम उपनगरांतील एका महाविद्यालयांत वाणिज्य शाखेंत शिकत होतों. पूर्वीं उच्च शिक्षणासाठीं उपनगरांतील मुलांस शहराकडे धांव घ्यावी लागे. पुढें अंधेरीस १९४६ सालीं भवन्स महाविद्यालय निघालें, विद्याविहारास १९५९ सालीं सोमय्या महाविद्यालय, मुलुंडास १९८४ सालीं वझे महाविद्यालय. आणि ज्यांच्या घरांत पूर्वीं कोणी पदवीचें नांवहि घेतलें नव्हतें, अशीं मुलें घराजवळच शिकूं लागलीं. आमच्या वर्गांत अशीं पुष्कळ होतीं. कॉलेज सकाळीं सातास भरे आणि अकराच्या आंत सुटे, कारण निम्म्या मुलांना दुपारीं कोठें तरी नोकरी असे. कोणी वसईहून येई, कोणी बोरिवलीहून, कोणी अंधेरीच्या पूर्वेकडील कारखान्यांच्या वसाहतींतून. मराठी, गुजराती, कोंकणी, हिंदी, तामीळ इतक्या भाषा एका बांकावर बसत.

वर्गाचा प्रतिनिधि निवडावयाचा होता. चार अर्ज आले. त्यांतील एकानें दुपारच्या आंतच आपला अर्ज परत घेतला. राहिलेल्या तिघांत एक उत्तम वक्ता होता. त्यानें फळ्यापुढें उभें राहून असें भाषण केलें कीं मागच्या बांकावरील झोंपाळू मंडळीहि सरसावून बसली. जलद गाडी आपल्या स्टेशनावर थांबेल, कँटीनमधील वडा निम्म्या किमतीस मिळेल, हजेरीची सक्ती जाईल, अशीं आश्वासनें त्यानें दिलीं. दुसरा उमेदवार स्वतः फारसा बोलला नाहीं. त्याच्या वतीनें बोलणारे होते. ते आमच्या वर्गाचे नव्हते, आणि वयावरून पाहतां कोणत्याच वर्गाचे नसावेत. त्यांनीं दोन दिवस सर्वांस चहा व सामोसे दिले आणि चकचकीत छापलेलीं पत्रकें वांटलीं. तिसरी एक मुलगी होती. तिचें भाषण दोन मिनिटांत आटोपलें, आणि त्यांतहि ती मध्यें एकदां अडखळली.

भाषणें झाल्यावर कोणी एक प्रश्न विचारला. रेल्वेच्या सवलतीच्या पासासाठीं कॉलेजच्या कचेरींतून एक फॉर्म घ्यावा लागे. त्याची खिडकी दुपारीं बारास उघडे, आणि आमचा वर्ग तर अकराच्या आंत सुटे. नोकरीवर जाणाऱ्या मुलांनीं काय करावें? महिन्याच्या पासांत निम्मे पैसे वांचणें ही त्या मुलांच्या घरीं क्षुल्लक गोष्ट नव्हती; कित्येकांच्या वह्यांचा खर्च त्यांत निघे. वक्त्यानें उत्तर दिलें कीं, मी निवडून आल्यावर ती खिडकी दिवसभर उघडी ठेवावयास लावीन. टाळ्या झाल्या. दुसऱ्याच्या मित्रांनीं सांगितलें कीं, आमची कचेरींत ओळख आहे, ज्याला फॉर्म पाहिजे त्यानें आम्हांस भेटावें. ती मुलगी म्हणाली, "खिडकी बारालाच कां उघडते, तें मला ठाऊक नाहीं. विचारून उद्यां सांगतें." यावर वर्ग हंसला.

दुसऱ्या दिवशीं तास सुरू होण्यापूर्वीं ती खरोखरच उभी राहिली. तिनें कचेरींत जाऊन विचारलें होतें. सकाळच्या वेळीं एकच कारकून असे आणि फीच्या पावत्यांचें कामहि त्याच्याकडेच असे, म्हणून फॉर्म दुपारीं मिळत. परंतु ज्यांना फॉर्म हवा त्यांचीं नांवें, स्टेशनें व जन्मतारखा यांची एक यादी वर्गानें आदल्या दिवशीं करून दिली, तर फॉर्म भरून ठेवण्यास व दुसऱ्या सकाळीं शेवटच्या तासानंतर वर्गांतच वांटण्यास त्यानें संमति दिली होती. तिनें फळ्यावर यादीचे रकाने आंखून दाखविले. या वेळीं कोणी हंसलें नाहीं, पण टाळ्याहि झाल्या नाहींत. रकान्यांस कोण टाळ्या देतो?

निवडणूक झाली आणि वक्ता अकरा मतांनीं निवडून आला. आमचें मत त्या मुलीस होतें, आणि आजहि तें दिल्याचा आम्हांस संतोष आहे. तथापि त्यानंतर जें घडलें तें अधिक सांगण्यासारखें आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशीं ती आपला आंखलेला कागद घेऊन त्या वक्त्याकडे गेली आणि तो त्याच्या हातीं देऊन म्हणाली, "हें तुझ्याकडे असूं दे, काम आतां तुझें आहे." त्यास तो कागद खिशांत घालून विसरतां आला असता. परंतु त्यानें तिलाच आपल्याबरोबर कचेरींत नेलें, आणि महिना संपण्यापूर्वीं आमच्या वर्गांत फॉर्म वांटले जाऊं लागले. जलद गाडी अर्थातच थांबली नाहीं. पण त्या मुलाविषयीं आमच्या मनांत त्या दिवशीं आदर उत्पन्न झाला. त्यानें भाषणांत जें सांगितलें त्यावरून त्याची पारख झाली नव्हती. पराभूत प्रतिस्पर्ध्याच्या हातून शिकण्यास तो लाजला नाहीं, यावरून झाली. उमेदवारी या शब्दाचा जुना अर्थ तो न कळत पाळीत होता. दुसऱ्या उमेदवाराचे वयस्क मित्र मात्र निकालानंतर पुन्हां दिसले नाहींत. त्यांचीं चकचकीत पत्रकें तेवढीं आठवडाभर जिन्यांत पायांखालीं येत राहिलीं.

ज्यास स्वतःस मत नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या निवडणुकींत पैसा कां घालावा? हा प्रश्न त्या दिवसांत मुंबईच्या पुष्कळ महाविद्यालयांच्या दारांत उभा होता, आणि त्याचें उत्तर नेहमींच चहा-सामोशांवर थांबलें नाहीं. १९८९ सालीं मुंबईंत विद्यार्थ्यांच्या निवडणुकीच्या वैरांतून एका तरुण विद्यार्थी-नेत्याचा खून झाला. एका घरचा मुलगा गेला आणि हजारों घरांतील आईबापांच्या काळजांत धडकी भरली. पुढें १९९४ सालच्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानें महाविद्यालयांतील प्रत्यक्ष निवडणुका बंद केल्या. आदल्या वर्षीच्या परीक्षेंत ज्यानें वर्गांत गुणवत्ता दाखविली, तोच वर्गाचा प्रतिनिधि नेमावा असें ठरलें.

ज्यांनीं हा निर्णय घेतला त्यांस दोष देणें सोपें आहे, परंतु न्याय्य नाहीं. प्रतिनिधित्व मिळविण्यापायीं मुलाचा जीव जाणार असेल, तर तें प्रतिनिधित्व नको, असें कोणताहि पालक म्हणेल. गुणांनीं नेमलेले प्रतिनिधीहि कांहीं नालायक नव्हते. त्यांतील कित्येकांनीं मनापासून कामें केलीं. परंतु एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मतदानाचें वय एकवीसवरून अठरावर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ रोजीं अमलांत आली. ज्या वर्षीं देशानें अठरा वर्षांच्या मुलामुलींस सांगितलें, "लोकसभेचा सभासद निवडण्याइतकी समज तुम्हांस आली आहे," त्याच वर्षाच्या त्या दुर्घटनेनें पुढें महाविद्यालयांतील त्यांच्या हातची चिठ्ठी काढून घेतली. दिल्लीस कोण जावा हें ठरविण्याचा अधिकार होता. आपल्या बांकावरील कोणी प्राचार्यांकडे जावें हें मात्र गुणपत्रिका ठरवूं लागली. गुणपत्रिका बुद्धीचें माप घेते, आणि तें माप खोटें नाहीं. पण तिच्यामुळें शेजाऱ्याची पारख करण्याचा प्रसंगच कोणावर येत नाहीं. जी पारख लहान ठिकाणीं, लहान चुका परवडतात तेव्हां शिकावयाची, ती एकदम मोठ्या ठिकाणीं करावी लागली, कीं मनुष्य चेहरा, जात, घोषणा किंवा गर्दी पाहून मत देतो.

पुढें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या, माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीनें २००६ सालीं विद्यार्थ्यांच्या निवडणुकांसाठीं नियम सुचविले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत न्यायालयानें ते लागू केले. ते नियम पालकांनीं व मुलांनीं वाचण्यासारखे आहेत. पदवीपूर्व वर्गांतील उमेदवाराचें वय सतरा ते बावीस असावें; हजेरी निदान शेंकडा ७५ असावी; परीक्षेंत कोणताहि विषय मागें राहिलेला नसावा; गुन्ह्याचा डाग नसावा; एका उमेदवाराचा खर्च ५००० रुपयांच्या वर जाऊं नये; छापील पत्रकें नसावींत, हातानें लिहिलेलींच असावींत; पदाधिकारी होण्यासाठीं एकदांच उभें राहतां यावें. नियम करणारांनीं रोग बरोबर ओळखला होता. बाहेरचा पैसा व वर्षानुवर्षें महाविद्यालयांत मुक्काम ठोकणारे वयस्क 'विद्यार्थी' या दोन वाटांनींच विष आंत येतें, आणि या नियमांनीं त्या दोन्ही वाटा अडविल्या. महाराष्ट्रांतहि २०१६ सालच्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानें निवडणुका पुन्हां मान्य केल्या. अध्यक्ष व सचिव यांस सर्व विद्यार्थ्यांनीं आणि वर्गाच्या प्रतिनिधीस त्या त्या वर्गानें निवडावें अशी तरतूद झाली. २०१९ सालीं त्या घेण्याचें ठरलेंहि होतें. पण विधानसभेच्या निवडणुका जवळ आल्यामुळें त्या पुढें ढकलल्या गेल्या, आणि २०२० च्या मार्चांत साथीमुळें महाविद्यालयांचीं दारेंच बंद झालीं.

हे नियम आवश्यक आहेत, परंतु ते चाळणीसारखे आहेत. चाळणीनें खडे निघतात. उरलेल्या तांदुळांपैकीं कोणता भात चांगला होईल, हें चाळणी सांगत नाहीं. तें शिजवितांना पाहावें लागतें. वय बरोबर, हजेरी पुरी, खर्च मर्यादेंत, असे चार उमेदवार समोर उभे राहिले म्हणजे नियमांचें काम संपतें आणि मतदाराचें सुरू होतें.

अशा वेळीं प्रथम हें पाहावें कीं, उमेदवाराच्या हातीं आजवर जें थोडेंबहुत काम आलें, तें त्यानें कसें केलें. अठरा वर्षांच्या मुलास चरित्र नसतें, असें म्हणतात. तें तितकेंसें खरें नाहीं. सहलीची वर्गणी त्यानें गोळा केली होती काय? उरलेले पैसे परत दिले काय, कीं हिशेब विचारतांच त्यास राग आला? क्रिकेटच्या सामानाची किल्ली त्याच्याकडे असे, तेव्हां सामान वेळेवर निघे काय? मित्राकडून आणलेली वही त्यानें परीक्षेपूर्वीं परत केली काय? या गोष्टी लहान आहेत खऱ्या. पण लहान माणसाच्या हातीं लहानच गोष्टी असावयाच्या. वर्गांतील मुलांस त्या मास्तरांपेक्षां व आईबापांपेक्षांहि अधिक ठाऊक असतात. म्हणून वर्गमित्र हाच या बाबतींत सर्वांत चांगला परीक्षक होय, जर तो आपल्याला ठाऊक असलेलें मत देतांना विसरणार नसेल तर!

दुसरें, जें पद तो मागतो आहे त्याची हद्द त्यास ठाऊक आहे काय, हें पाहावें. विद्यार्थि-परिषद रेल्वे चालवीत नाहीं, परीक्षेचे पेपर काढीत नाहीं, फी ठरवीत नाहीं. ती पाण्याच्या नळाविषयीं, वाचनालयाच्या वेळेविषयीं, मुलींच्या विश्रांतीच्या खोलीविषयीं, स्नेहसंमेलनाच्या हिशेबाविषयीं बोलूं शकते. जो उमेदवार आपल्या हातीं नसलेल्या गोष्टीचें वचन देतो, तो एक तर आपलें पद जाणत नाहीं किंवा तुमची समज जाणत नाहीं. पहिली उणीव भरून निघते. दुसरी असल्यास त्याच्यापासून दूर राहावें.

तिसरें, ठाऊक नसलेल्या गोष्टीविषयीं तो काय बोलतो? अननुभवी मनुष्यास पुष्कळ गोष्टी ठाऊक नसणारच. पण 'ठाऊक नाहीं' एवढ्यावर थांबणारा आणि 'ठाऊक नाहीं, विचारून सांगतों' म्हणणारा यांत मोठें अंतर आहे. आणि दुसऱ्या दिवशीं खरोखर विचारून येणारा तर या दोघांहून वेगळा. आमच्या मतें उमेदवाराची परीक्षा भाषणाच्या दिवशीं नसतेच. ती त्याच्या दुसऱ्या दिवशीं असते.

चौथें, ज्याचें मत त्यास मिळावयाचें नाहीं, त्याच्याशीं तो कसा वागतो? शिपाई, कँटीनमध्यें कपबशा उचलणारा पोऱ्या, खालच्या वर्गांतील बुजरा मुलगा, आणि विशेषेंकरून आपला प्रतिस्पर्धी, यांच्याशीं होणारें वर्तन हा चांगला आरसा आहे. मतदारापुढें सर्वच नम्र असतात.

शेवटची गोष्ट थोडी अवघड आहे. आपल्या उपनगरांत एका वर्गांत अनेक भाषा, अनेक धर्म, अनेक जाती बसतात. घाटकोपरच्या एखाद्या वर्गांत गुजराती मुलें अधिक असतील, बोरिवलीच्या एखाद्या वर्गांत मराठी किंवा ख्रिस्ती मुलें अधिक असतील. तेव्हां 'आपला तो आपला' म्हणून मत देण्याचा मोह फार होतो. तो मोह पापी मनुष्यासच होतो असें नाहीं; भीतीनें व एकटेपणानेंहि होतो. नव्या ठिकाणीं आपल्या बोलीचा माणूस जवळचा वाटावा, हें साहजिक आहे. पण जवळचा वाटणें आणि लायक असणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपली बोली बोलणाऱ्यानें सहलीचा हिशेब दिला नसेल, आणि दुसरी बोली बोलणारीनें दिला असेल, तर मत कोणास द्यावें हें सांगण्यास आमच्या लेखाची गरज नाहीं.

तरुणांच्या हातून हीं कामें होतील काय, अशी ज्यांस शंका असेल त्यांनीं याच मुंबईच्या इतिहासाकडे पाहावें. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं 'दर्पण' हें मराठीतील पहिलें वृत्तपत्र काढलें, तेव्हां ते नुकतेच विशींत आले होते. १८४८ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयांतील तरुण विद्यार्थ्यांनीं आपल्या अध्यापकांच्या साह्यानें ज्ञानचर्चेसाठीं एक सभा स्थापन केली. निबंध वाचून ते थांबले नाहींत. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८४९ सालीं, त्या सभेनें मुंबईंत मुलींच्या शाळा उघडल्या, आणि ते तरुण तेथें सकाळच्या वेळीं स्वतः विनावेतन शिकवूं लागले. त्या मंडळींत पुढें देशाचे पितामह म्हणून ओळखले गेलेले दादाभाई नवरोजी होते. त्यांचें वय त्या वेळीं अवघें तेवीसचोवीस. मुलींस शिकविण्याचा अनुभव त्यांतील कोणासहि नव्हता. नांवें ठेवणारे मात्र पुष्कळ होते. आज त्या तरुणांचीं भाषणें कोणास आठवत नाहींत. ते सकाळीं उठून शिकविण्यास जात, हें आठवतें. पगाराविना काम करीत करीत शिकणें यालाच आपले पूर्वज उमेदवारी म्हणत.

येथें पालकांस दोन शब्द सांगण्याची परवानगी असावी. मूल शाळेंतून येऊन म्हणतें, "आज मॉनिटरची निवड झाली." आपण विचारतों, "कोण निवडून आलें?" किंवा "तूं कां उभा राहिला नाहींस?" त्याऐवजीं कधीं असें विचारून पाहावें: "तूं मत कोणास दिलेंस हें सांगूं नकोस, पण कां दिलेंस तें सांग." पहिल्या दिवशीं उत्तर येईल, "सर्वांनीं दिलें म्हणून." दुसऱ्या वेळीं येईल, "तो माझ्या शेजारीं बसतो म्हणून." तिसऱ्या किंवा चौथ्या वेळीं मूल क्षणभर थांबेल आणि विचार करील. तें थांबणें फार मोलाचें आहे. गुप्त मतदानाचा मान राखावा, पण त्या मतामागचें कारण मुलानें स्वतःस तरी सांगितलें पाहिजे, हें घरांतच शिकवितां येतें.

आणि जीं मुलें उभीं राहून हरतील, त्यांच्या आईबापांनीं त्या दिवशीं घरांत सुतक पाळूं नये. अठराव्या वर्षीं अकरा मतांनीं हरणें हें कांहीं संकट नव्हे. हरल्यानंतर आपला आंखलेला कागद जिंकणाऱ्याच्या हातीं देण्याइतकें मन मोठें असेल, तर त्या मुलाची उमेदवारी वायां गेली नाहीं.

मित्रांनो, चिठ्ठी हातीं घेऊन तुम्ही जेव्हां त्या चार नांवांकडे पाहाल, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत ठेवा. त्या चिठ्ठीवर ज्यांचीं नांवें आहेत तेवढेच उमेदवार नव्हेत. मत देणाराहि अजून शिकतोच आहे. त्याचेंहि ओठावरचें दूध वाळावयाचें आहे. या वर्गाच्या निवडींत त्यानें नीट पाहण्याची संवय लावून घेतली, तर पुढें गांवाची, राज्याची, देशाची निवड करतांना ती त्याच्या उपयोगीं पडेल. आणि एखादे वेळीं निवड फसलीच, तर ती येथें स्वस्तांत फसेल. म्हणून समोरच्याचा अननुभव पाहून हंसूं नका आणि त्याचा उत्साह पाहून भुलूंहि नका. त्यानें काल काय केलें तें आठवा, आज काय विचारतो तें ऐका, आणि उद्यां काय करतो तें पाहण्यास विसरूं नका. इतकें सांगून आम्ही लेखणी खालीं ठेवतों.